आकाशातील बडदास्त

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून चैनीचा इतिहास सांगावा, हे कित्येकांना अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. आपल्या समाजात चैन हा शब्द अजूनही थोडा दबक्या आवाजातच उच्चारला जातो. आणि त्यातून विमानातली चैन म्हणजे तर मूठभरांची गोष्ट. परंतु आमचा अनुभव असा की, एखाद्या काळातील माणसे कशाला भीत होती आणि कशासाठी पैसे मोजायला तयार होती, हे त्या काळच्या गरजांपेक्षा चैनीवरून अधिक स्पष्ट कळते. पोटासाठी माणूस सर्व काळी जवळजवळ सारखेच करतो; चैन मात्र प्रत्येक पिढी निराळी करते. उतारूंची नियमित ने-आण करणारे विमान जेमतेम शंभर वर्षांचे. एवढ्या अवधीत त्यातील ऐषआरामाने निदान तीनदा रूप पालटले. ते का पालटले, एवढाच आमचा विषय आहे.

हा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. जुन्या विमानांची छायाचित्रे आपण पाहिलेली असतात. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, चांदीचे काटेचमचे, सूट घातलेले पुरुष, हसतमुखाने उभी असलेली हवाई सुंदरी. ती पाहून लोक म्हणतात, काय तो काळ! आता विमानाची एस. टी. झाली. ही तक्रार अगदी खोटी नाही. पण ती अर्धीच खरी आहे, आणि तिचा उरलेला अर्धा भाग सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्या देशापुरते बोलायचे तर आरंभी चैनीचे नावही नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे चिमुकले पुस मॉथ विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला उतरले, तेव्हा त्यात उतारू कोणी नव्हता. टपालाच्या थैल्या होत्या. अहमदाबादेस विमानात भरायचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. जुहूचा तळ म्हणजे समुद्रकाठची चिखलट जमीन. पावसाळ्यात तिथे पाणी भरे, म्हणून दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यांत्रिक असा सगळा संसार पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानावर हलवावा लागे. पुढे अधूनमधून उतारू घेऊ लागले. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात ते अवघे १५५ झाले. जागा नसली तर उतारू टपालाच्या थैल्यांवरच बैठक मारीत. ज्या संस्थेच्या पाहुणचाराची कीर्ती पुढे तीस वर्षांनी जगभर झाली, तिचा पहिला गादीतक्क्या हा असा होता.

बडदास्तीची कल्पना आली ती इंग्रजांकडून, आणि ती आली आगबोटीवरून. इंपीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची मार्ग सुरू केला. भाडे १३० पौंड, आणि प्रवास सात दिवसांचा. लंडनजवळच्या क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान आणि पुढे कराचीपर्यंत पुन्हा जमिनीवर उतरणारे. आगबोटीला बॅलार्ड पियरपर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे लागत, तेव्हा सात दिवस म्हणजे चमत्कारच. पण ते सात दिवस कसे जात? विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, म्हणून फार उंच जाता येत नसे. आणि खाली राहिले की वाऱ्यावादळाचा प्रत्येक धक्का उतारूच्या पोटापर्यंत पोचे. इंजिनाच्या घरघराटामुळे कानांत कापूस घालावा लागे. आरंभीच्या विमानांत खुर्च्या वेताच्या असत. तो शोभेचा प्रकार नव्हे, वजन वाचवण्याचा होता. सामानाबरोबर उतारूचेही वजन होई, आणि तो प्रसंग लठ्ठ गृहस्थांना किती सुखाचा वाटत असेल हे सांगायला नको.

अशा प्रवासाला पैसेवाल्या माणसाने निघावे कसे? याचे उत्तर कंपनीने पुढे १९३१ च्या सुमारास आणलेल्या हँडली पेज जातीच्या चार इंजिनांच्या विमानांत सापडते. आतून ते पहिल्या वर्गाच्या आगगाडीच्या डब्यासारखे सजवलेले. गालिचे, पडदे, गुबगुबीत खुर्च्या. दोन स्टुअर्ड चारपाच पदार्थांचे गरम जेवण वाढीत. विमान ताशी शंभर मैलांच्या आसपास चाले, रात्री मुक्काम करी. शारजाच्या वाळवंटात उतारूंना रात्री निजता यावे म्हणून तटबंदीची धर्मशाळाच बांधली होती. बाहेर वाळवंट, आत इस्त्रीचे कपडे घातलेला वाढपी. या साऱ्याचा हेतू उतारूला सुख देणे हा जितका होता, तितकाच तो जमिनीपासून उंच टांगलेला आहे ही गोष्ट त्याला विसरायला लावणे हा होता. स्टुअर्ड, कप्तान, डेक, केबिन हे सारे शब्द आगबोटीवरून उचलले गेले, तेही याच कारणाने. ओळखीच्या शब्दांनी अनोळखी भीती थोडी कमी होते. अमेरिकेत १५ मे १९३० रोजी एलेन चर्च ही पहिली हवाई सुंदरी विमानात चढली. ती शिकलेली परिचारिका होती, आणि तिच्या मागोमाग घेतलेल्या मुलीही परिचारिकाच होत्या. पाहुणचारासाठी नर्स नेमावी लागते, तेव्हा पाहुणा आजारी आहे असेच यजमान धरून चाललेला असतो.

१९३६ नंतरच्या एम्पायर जातीच्या उडत्या नौकांनी हा आगबोटीचा थाट कळसास नेला. त्यांत धूम्रपानाची वेगळी खोली होती, आणि कठड्याला टेकून खालचा मुलूख पाहत उभे राहण्यासाठी सज्जासारखी जागाही होती. त्या पाण्यावर उतरत, म्हणून हिंदुस्थानात त्यांनी तळीच शोधली. मेवाडातील राजसमंद आणि ग्वाल्हेरजवळचे तळे यांवर लंडनहून सिंगापूर-सिडनीला निघालेले साहेब लोक उतरू लागले. अमेरिकेच्या पॅन अमेरिकन कंपनीच्या १९३९ च्या क्लिपर विमानांत जेवणाची वेगळी खोली होती आणि शेपटीकडे नवपरिणित जोडप्यासाठी स्वतंत्र दालन. जर्मनांनी तर हिंडेनबुर्ग या अवाढव्य वायुनौकेत ॲल्युमिनियमचा हलका पियानो नेला होता. वर हायड्रोजन वायूचे डोंगराएवढे फुगे आणि खाली सिगारेट ओढण्याची खोली, असा तो अजब संसार ६ मे १९३७ रोजी अर्ध्या मिनिटात जळून गेला. ३६ माणसे मेली. पियानो त्या खेपेस बरोबर नव्हता.

युद्धानंतरचे जग पुष्कळ निराळे होते. विमाने मोठी झाली, आत हवेचा दाब राखता येऊ लागला, ती ढगांच्या वरून जाऊ लागली. आपल्याकडे टाटांच्या विमान कंपनीची १९४६ मध्ये एअर-इंडिया झाली आणि ८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. उतारू ३५, त्यांत राजेरजवाडे व नबाब बरेच. भाडे १,७२० रुपये. हा आकडा आज किरकोळ वाटेल, पण त्या वेळी सोने तोळ्याला शंभर-सव्वाशेच्या घरात होते. म्हणजे लंडनला जायचे तर पंधरा-सोळा तोळे सोने मोजायला हवे. मध्यम वर्गाच्या घरातील एका लग्नाचे दागिने झाले हे. त्या रात्री सांताक्रूझला निरोप द्यायला जमलेल्यांपैकी किती जणांना आयुष्यात कधी आत बसायला मिळाले असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

याच विमानाच्या शेवटाची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्समध्ये माँ ब्लाँवर आदळले. ४८ माणसे गेली. त्या खेपेचे उतारू राजे नव्हते. इंग्लंडात आपल्या बोटीवर रुजू होण्यास निघालेले ते हिंदी खलाशी होते. राजकन्येचे नाव धारण केलेल्या विमानाच्या पोटात दोन वर्षांतच खलाशी बसू लागले होते. विमान पुढे कोणाचे होणार, याची ती सूचनाच होती. पण छायाचित्रे काढणाऱ्यांचे लक्ष पहिल्या उड्डाणाकडेच राहिले.

आता आम्ही अशा एका बाबीकडे येतो की जिच्यावाचून त्या सोनेरी म्हणवल्या जाणाऱ्या काळाचा उलगडा होत नाही, आणि जिचा उल्लेख आठवणींच्या पुस्तकांत सहसा नसतो. एप्रिल १९४५ मध्ये हवाना येथे विमान कंपन्यांची आयाटा ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या परिषदांत कंपन्या एकत्र बसून कोणत्या मार्गाचे भाडे किती, हे ठरवीत, आणि निरनिराळी सरकारे त्यावर शिक्कामोर्तब करीत. म्हणजे मुंबईहून लंडनला कोणत्याही कंपनीने जा, दाम एकच. आता ज्या पेठेत सगळ्या दुकानांत लुगड्याचा भाव एकच असेल, तिथे गिऱ्हाईक कोणत्या दुकानाची पायरी चढेल? जिथे गादी मऊ, जिथे चहा लवकर येतो आणि जिथे शेटजी मुलांची चौकशी करतात, तिथे. विमान कंपन्यांचे नेमके हेच झाले. भाव कमी करून गिऱ्हाईक ओढण्याची मनाई असल्याने त्या जेवण, मद्य, गाद्या, गणवेश आणि हसू यांवर स्पर्धा करू लागल्या. १९४९ पासून धावू लागलेल्या स्ट्रॅटोक्रूझर विमानात गोल जिन्याने खालच्या मजल्यावर उतरून बैठकीच्या खोलीत बसता येई. त्या बैठकीचा खर्च कंपनीच्या औदार्यातून होत नव्हता. तो बांधलेल्या भाड्यातून, म्हणजे उतारूच्याच खिशातून होत होता, आणि ज्यांना ते भाडे परवडत नव्हते त्यांनी घरी बसून होत होता.

ही स्पर्धा कोणत्या थरास गेली याचे एक उदाहरण मोठे मौजेचे आहे. १९५८ च्या एप्रिलपासून अटलांटिकवर ‘इकॉनॉमी’ हा स्वस्त वर्ग सुरू झाला. वरच्या वर्गाचे महत्त्व टिकावे म्हणून नियम असा केला की, स्वस्त वर्गातील उतारूला फक्त साधे, थंड सँडविच द्यावे. पॅन अमेरिकनने तो नियम शब्दशः पाळला. युरोपातील काही कंपन्यांनी, विशेषतः स्कँडिनेव्हियाच्या एस. ए. एस. ने, मात्र आपल्याकडची वरून उघडी असणारी सँडविचे पुढे केली. पावाची एक फाक, आणि तिच्यावर मांस, मासे, चीज यांचा ढीग. एका भाकरीवर सगळी पंगत वाढण्याचाच हा प्रकार. पॅन अमेरिकनने तक्रार केली, आणि जगातील विमानवाहतुकीची सूत्रे हाती असलेल्या मातब्बर मंडळींना सँडविच म्हणजे काय, यावर गंभीरपणे निर्णय द्यावा लागला. आपण हसतो, पण त्या वादात एक मोठे तत्त्व लपलेले आहे. त्या काळी स्वस्त तिकीटवाल्यासही चांगले जेवू घालण्याची कंपन्यांना इतकी ओढ होती की तिला आवर घालण्यासाठी नियम करावे लागत होते. आज नियम कोणी करीत नाही, आणि ओढही कोणाला नाही.

या पार्श्वभूमीवर आपला महाराजा पाहिला पाहिजे. १९४६ मध्ये एअर-इंडियाचे बॉबी कुका आणि मुंबईचे जाहिरात-चित्रकार उमेश राव यांनी तो निर्माण केला. मोठा फेटा, अणकुचीदार मिशा, लांब नाक आणि कमरेत लवून केलेला मुजरा. त्याला पहिली जागा मिळाली ती विमानात उतारूंना देण्याच्या टिपणवहीवर. १९५३ मध्ये विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, संस्था सरकारी झाली, तरी जे. आर. डी. टाटा पगार न घेता तिचे अध्यक्ष राहिले, ते १९७८ पर्यंत. इथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. धान्यासाठी परदेशाकडे हात पसरणाऱ्या देशाने परक्यांना आकाशात राजेशाही पाहुणचार करावा, हे शोभत होते काय?

आमचे मत असे की, त्या काळापुरते शोभत होते. आणि त्याची कारणे दोन. एक तर भाडी बांधलेली असल्यामुळे पाहुणचार हेच परकीय चलन मिळवण्याचे हत्यार होते, आणि ते चालवून संस्था पुष्कळ वर्षे नफ्यात राहिली. दुसरे कारण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. हा पाहुणचार उधळेपणाचा नव्हता, बारीक नजरेचा होता. टाटा स्वतः उतारू म्हणून प्रवास करीत आणि परत आल्यावर अधिकाऱ्यांना टिपणे पाठवीत. चहाचा रंग कॉफीसारखा का दिसतो, इथपासून ते कोणत्या खुर्चीची पाठ नीट मागे जात नाही, इथपर्यंत त्यांत सगळे येई. अस्वच्छ न्हाणीघर दिसले तर अध्यक्ष स्वतः ते पुसून काढीत, असे त्यांच्याविषयी सांगतात. आपल्या घरी कार्याच्या दिवशी एखादी वडीलधारी बाई पंगतीतून नुसती फिरते आणि कोणाच्या पानात मीठ नाही हे तिला दुरून दिसते, तशी ही नजर होती. तिला खर्च लागत नाही. ती गेली म्हणजे कितीही खर्च केला तरी भरून निघत नाही.

थोडी हौसही होती, नाही असे नाही. १९६७ मध्ये विख्यात स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली याच्याकडून पहिल्या वर्गाच्या उतारूंना भेट देण्यासाठी चिनी मातीच्या रक्षापात्रांचा नमुना करवून घेतला. एका बाजूने पाहिले तर राजहंस, उलटे धरले तर हत्ती. मोबदला म्हणून चित्रकाराने हत्तीचे पिलू मागितले, आणि बंगलोरहून ते खरोखरच स्पेनला धाडण्यात आले. सरकारी महामंडळाच्या हिशेबवहीत ही रक्कम कोणत्या सदराखाली पडली असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

तोपर्यंत विमानच बदलले होते. १९६० मध्ये एअर-इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली, त्याच वर्षी १४ मेपासून ती न्यूयॉर्कला जाऊ लागली, आणि १९६२ मध्ये संस्थेने आपली सर्व पंख्यांची विमाने काढून टाकली. जेटने वेळ जवळजवळ निम्म्यावर आणला, धक्के व आवाज कमी केले. इथे बडदास्तीचा मूळ पायाच खचला. भीती सरली आणि रात्र लहान झाली, तर नर्स कशाला आणि बिछाना कशाला? शुद्ध वेग हीच चैन, असे मानून काढलेले कॉन्कॉर्ड हे याच विचाराचे टोक. २१ जानेवारी १९७६ पासून ते उतारू नेऊ लागले. आवाजाच्या दुप्पट वेगाने लंडनहून न्यूयॉर्क साडेतीन तासांत गाठी. पण आतून अरुंद, शंभर माणसांचे, छत डोक्याशी आलेले. जगातील सर्वांत महागडे तिकीट काढून धनिक लोक तिथे दाटीवाटीने बसत. २००० मध्ये पॅरिसजवळ त्याला भीषण अपघात झाला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये ते कायमचे थांबले. वेगाची चैन माणसाला हवी असते. पण त्यासाठी लागणारे इंधन व अवकाश पिटाळणारा आवाज यांची किंमत कोणाला द्यायची नव्हती. त्यानंतर आजतागायत उतारूंचे विमान आवाजाच्या मागेच आहे. प्रगती नेहमी पुढेच जाते असे मानणाऱ्यांनी ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

याच्या उलट दिशेला गेलेले विमान म्हणजे जंबो, बोइंग ७४७. एप्रिल १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ मुंबईस आले. त्याच्या खिडक्यांभोवती बाहेरून राजस्थानी झरोक्यांच्या कमानी रंगवलेल्या, वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाची बैठक, आणि जाहिरातीत नाव ‘आकाशातील राजवाडा’. योगायोग पाहा, त्याच वर्षाच्या डिसेंबरात घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने खऱ्या महाराजांचे तनखे बंद झाले. जमिनीवरचे राजवाडे बंद पडत होते तेव्हा सरकार आकाशात राजवाडे चालवू लागले. परंतु राजवाड्यात साडेतीनशे खोल्या असल्या की राजे पुरत नाहीत. हे विमान भरायचे तर साधी माणसेच हवी होती. अमेरिकेत जंबो अर्धी रिकामी धावत, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने साध्या वर्गाच्या मागच्या भागात बैठक करून विजेवर वाजणारा पियानो ठेवला. देशांतर्गत भाडी तिथेही सरकारने बांधलेली असल्यामुळे हा पुन्हा सँडविचचाच प्रकार. १९७३ मध्ये तेल महागले, आणि पियानो गेले. त्या जागी खुर्च्या बसल्या. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेने भाड्यांवरचे बंधन कायद्याने उठवले. हळूहळू इतर देश त्याच वाटेने गेले. आपल्याकडे १९५३ चा कायदा १९९४ मध्ये रद्द झाला.

मधल्या वर्षांत आपला महाराजा कोणाला घेऊन जात होता? आखातात तेलाचा पैसा वाहू लागला होता, आणि केरळातले, आंध्रातले, आपल्या रत्नागिरीकडचे गवंडी, सुतार, वायरमन तिकडे चालले होते. झरोक्यांच्या खिडकीशी बसलेला उतारू आता गावाकडची जमीन गहाण टाकून तिकीट काढणारा होता. त्याला रक्षापात्र नको होते; त्याला बारक्या अक्षरांतला फॉर्म भरून देणारे कोणीतरी हवे होते. बडदास्त या शब्दाचा अर्थ इथे बदलायला हवा होता. तो बदलला नाही. थाट पहिल्या वर्गात होता तसाच ठेवला गेला, आणि मागच्या उतारूंकडे पाहणारी ती पंगतीतली नजर मात्र निघून गेली. आमच्या मते एअर-इंडियाची खरी उतरण इथे सुरू झाली. तोट्याचे आकडे पुष्कळ नंतर आले. तरीही तिच्या इतिहासातील सर्वांत मोठे काम याच उतारूंसाठी झाले, हे नमूद केले पाहिजे. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा जॉर्डनमधील अम्मानहून दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे करून एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले गेले. ‘राजवाडा’ हा शब्द जाहिरातीत कोठेही न घालता.

आयाटाचे नियम न मानणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सने १९७० नंतरच्या दशकात साध्या वर्गातही मद्य व कानाला लावायची यंत्रे फुकट देऊन सर्वांना मागे टाकले होते. ती जुन्या स्पर्धेची शेवटची ठिणगी म्हणता येईल. भाडी खरोखर मोकळी झाल्यावर गणित उलटे झाले. मागच्या उतारूला काय हवे? कमी भाडे. मग त्याचे जेवण गेले, गुडघ्यापुढची जागा गेली, जंबोच्या एका ओळीत नऊ ऐवजी दहा खुर्च्या बसल्या. पण धंद्याच्या कामासाठी फिरणारा, ज्याचे तिकीट त्याची कचेरी काढते, असा उतारू पैसे द्यायला तयार होता. त्याच्यासाठी १९७८-७९ च्या सुमारास ‘बिझनेस’ वर्ग निघाला. १९९५ नंतर ब्रिटिश एअरवेजने पहिल्या वर्गात पूर्ण सपाट बिछाना दिला, आणि २००० मध्ये तो बिझनेस वर्गातही आणला. २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने एअरबस ३८० या दुमजली विमानात दार लावून घेता येईल अशा खोल्या केल्या. २००८ मध्ये एमिरेट्सने त्याच जातीच्या विमानात शॉवर बसवला. पाणी पाच मिनिटे येते, मग बंद. २०१४ मध्ये एतिहादने एक-दोन उतारूंसाठी बैठकीची खोली, निजायची खोली व न्हाणीघर असे तीन भागांचे बिऱ्हाडच विमानात थाटले. आपल्याकडे ‘किंगफिशर’ कंपनीने २००५ पासून देशांतर्गत प्रवासात मोठा थाट केला. त्याच सुमारास २००३ मध्ये सुरू झालेली ‘एअर डेक्कन’ नावाची साधी कंपनी चहासुद्धा विकत देऊन तिकिटे स्वस्त करीत होती. थाटाची कंपनी २०१२ मध्ये बंद पडली. साध्या वाटेने गेलेल्या कंपन्यांनीच पुढे आपल्या देशातील विमाने भरली.

या नव्या चैनीत एक गोष्ट आम्हांला ठळक दिसते. स्ट्रॅटोक्रूझरच्या गोल जिन्याने माणूस खाली उतरे तो चार अनोळखी माणसांत बसण्यासाठी. उडत्या नौकेच्या कठड्याशी तो इतरांबरोबर उभा राही. जंबोच्या वरच्या मजल्यावरची बैठक ही बैठकच होती. आजच्या खोलीचे सारे मोल तिच्या दारात आहे. जुन्या काळी उतारू भीती व कंटाळा यांपासून सुटका विकत घेई. आता तो दुसऱ्या उतारूपासून सुटका विकत घेतो. आणि ही दारे ज्या विमानात आहेत, त्याच विमानात पाठीमागे अडीचशे माणसे पूर्वीच्या मानाने क्षुल्लक भाड्यात बसलेली आहेत. पुढच्यांच्या महागड्या तिकिटांचा त्या खेपेचा खर्च भागवण्यात मोठा हात असतो. तेव्हा पुढच्याची चैन आणि मागच्याची स्वस्ताई ही एकाच वहीची दोन पाने आहेत.

सोन्याच्या मापाने पुन्हा एकदा पाहू. २०२५ साली तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेला, आणि मुंबईहून लंडनचे साधे तिकीट त्याहून कमीत मिळत होते. सोने स्वतःच वाजवीपेक्षा महागले आहे, हे मान्य करूनही पंधरा तोळे कोठे आणि एक तोळ्याच्या आत कोठे! मुलीच्या बाळंतपणासाठी न्यूजर्सीला निघालेली सांगली-साताऱ्याची आजी, जेवणाच्या ट्रेवरचे ओळखू न येणारे पदार्थ बाजूला सारून पिशवीतली दशमी काढते, तेव्हा ती कोणत्या राजाच्या जागेवर बसली आहे हे तिला कोणी सांगत नाही. तिचे पाय सुजतात, हे खरे. गुडघ्यांना जागा पुरत नाही, हेही खरे. आणि त्याबद्दल कंपन्यांना धारेवर धरले पाहिजे. पण १९४८ ची छायाचित्रे पाहून हळहळणाऱ्यांनी तीत ही आजी कोठे उभी आहे ते एकदा शोधावे. ती छायाचित्राच्या बाहेर आहे.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. जानेवारी २०२४ पासून तिची एअरबस ३५० विमाने उडू लागली. त्यांत ३१६ जागा आहेत, आणि पुढच्या २८ जागांना सरकते दार आहे. म्हणजे ‘मलबार प्रिन्सेस’वर जितके उतारू मिळून एका दालनात बसले होते, जवळजवळ तितकेच आज एकेकटे दाराआड बसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये संस्थेने आपले बोधचिन्ह बदलले, तेव्हा महाराजाचे काय होणार, अशी चर्चा वर्तमानपत्रांतून झाली. त्याला काढून टाकलेले नाही. फक्त रस्त्यावरच्या फलकावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला लवून मुजरा करण्याचे त्याचे काम संपले. आता तो वरच्या वर्गाच्या उतारूंसाठी राखलेल्या विश्रामकक्षात असतो.